हात मांडीखाली

ऑकलंड
१२ जुलै

सोलोमोना,

तुमचं सगळं बरं आहे असं धरून चालते. फोनवर तू नेहमीच बरा असतोस, कारण तुझ्याभोवती घरचे आणि अर्धं गाव कान लावून बसलेलं असतं. म्हणून हे लिहितेय. आमच्या चर्चमधली एक बाई गुरुवारच्या विमानानं तिकडे येतेय. तिच्याकडे हे पत्र आणि डबाबंद गोमांसाची पिशवी दिली आहे. मांस सगळ्यांचं, पत्र तुझं.

गाडी बोटीवर चढली. पांढरी, लहान, जुनी पण धडधाकट आहे. सात सप्टेंबरपासून आपला अख्खा देश रस्त्याची बाजू बदलणार, उजवीकडून डावीकडे जाणार, यावरून तू सरकारचा कसा उद्धार केलास ते मी फोनवर ऐकलंय. पण त्याचा आपल्याला एवढा तरी उपयोग, की इथली गाडी आता तिथं चालेल.

गाडी तुझ्यासाठी नाही हे आधीच सांगते. सूसानासाठी आहे. तुझी बायको आठवड्यातून तीनदा रक्त धुवून घ्यायला शहरात, अपियाच्या इस्पितळात जाते आणि त्यासाठी पहाटेपासून पाद्रीबाबांच्या गाडीची वाट बघत रस्त्याकडेला बसते. तू तुझ्या बसवर. पाद्रीबाबांना कुणाच्या मयतीला जावं लागलं की तिची फेरी हुकलीच. इथं नुसता फोन वाजला तरी मला वाटतं, सूसानाचंच काही. हे असं किती दिवस चालवणार आहेस?

तेव्हा लेपेकाला गाडी शिकव. पोरगी सतरा वर्षांची झाली, हातपाय धड आहेत, तोंड तर फारच धड आहे. तीस वर्षं बस चालवून कोंबडीचं पीससुद्धा उडवलं नाही, असं तू दर नाताळात सांगतोस. ती विद्या आता जरा लेकीला दे.

बहिणीच्या शब्दाला भावानं नाही म्हणायचं नाही, ही आपल्यातली रीत तू विसरला नसशीलच.

तेलेसिया


घरून
९ ऑगस्ट

तेलेसियाताई,

देवाची कृपा आणि तुझे डबे, दोन्ही पोचले. गाडीही पोचली. नीरफणसाच्या झाडाखाली उभी आहे, ताडपत्रीखाली. कोंबड्यांनी तिच्या पोटाखाली बस्तान बसवलं आहे, त्यामुळे रोज सकाळी आधी अंडी काढायची आणि मग शिकवणी.

शिकवणी नारळाच्या बागेत चालते. रस्त्यावर अजून सगळे उजवीकडूनच जातात, तिथं डावीकडून शिकवायला गेलो तर दोघंही वर जाऊ. म्हणून नारळांच्या दोन ओळींमधली वाट हा आमचा रस्ता. पडलेले नारळ ही समोरून येणारी माणसं. पहिल्या दिवशी लेपेकानं बरीच माणसं मारली. मी म्हटलं, "बाई गं, ही खरी असती तर आज आपलं सगळं खानदान पहाटे डोक्यावर चटया घेऊन त्यांच्या दारात बसलं असतं माफी मागायला." त्यावर तुझी भाची म्हणते, "बाबा, तुम्ही आधी उजवीकडे म्हणता, मग नाही नाही, डावीकडे म्हणता. तोवर नारळ मरतो. एकदा काय ते ठरवा ना!"

सूसाना मागच्या सीटवर बसते. तिनं जन्मात गाडी चालवली नाही, त्यामुळे ती सगळ्यात जास्त शिकवते. दर झाडाला "ब्रेक!" परवा मध्येच संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. मग गाडी तिथंच थांबवली आणि तिघांनी आतच बसून प्रार्थना केली. सूसानानं इतकी मनापासून केली की मला जरा रागच आला.

खरं सांगायचं तर पोरगी बरी चालवते. तिला उजवीकडची सवयच नाही, हा तिचा फायदा. ज्यानं कधी बस चालवली नाही त्याला काय फरक पडतो!

माझ्या गुडघ्यानं मात्र डोकं वर काढलं आहे. आणि आमच्या बसचं दार उजवीकडे. सात तारखेनंतर ते रस्त्याच्या मधोमध उघडणार. मालक दुसऱ्या बाजूला दार कापून घेईपर्यंत बस बंद, म्हणजे मीही घरी. काळजी करू नकोस.

तुझा भाऊ
सोलोमोना


ऑकलंड
२५ ऑगस्ट

सोलोमोना,

काळजी करू नकोस असं तू लिहिलंस की मी लगेच करायला लागते. गुडघ्याचं काय झालं? डाव्या की उजव्या? आणि सगळं पत्र लेपेकानं कशी चालवली याचं. तू स्वतः ती गाडी एकदा तरी चालवलीस का? एका ओळीत कळव.

सूसानाच्या पायांवर सूज आहे असं लेपेका फोनवर कुजबुजली. मग मागून कुणीतरी तिच्या हातून फोन घेतला. माझ्यापासून लपवू नका रे. मी इथं म्हाताऱ्यांच्या आश्रमात दिवसभर चादरी धुते, त्या धुताना मला दुसरं काही सुचत नाही.

सात तारखेला मी रजा घेतली आहे. दिवसभर फोनपाशी बसणार. कुणाला काही झालं तर आधी मला कळवायचं. काही नाही झालं तरी कळवायचं.

तेलेसिया


घरून
१० सप्टेंबर

ताई,

सात तारीख तू रेडिओवर ऐकलीस, तशीच झाली. सगळं गाव अंघोळ करून, स्वच्छ लुंग्या नेसून रस्त्याच्या कडेला येऊन उभं राहिलं, जणू बिशप येणार होते. रेडिओवर सांगितलं, सगळ्या गाड्या थांबल्या, मग हळूहळू पलीकडे गेल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "एवढंच होय?" आणि झोपायला गेला.

ते झालं. आता दुसरं ऐक, आणि बसून ऐक.

काल लेपेका पहिल्यांदा आम्हाला मोठ्या रस्त्यानं अपियाला घेऊन निघाली. शिकाऊ परवाना मिळाला आहे, मी शेजारी, सूसाना मागे. वळणावर एक डुकरीण पिल्लं घेऊन आडवी आली. मी तिला सावध करत होतो. बाप म्हणून ते माझं कामच आहे. आणि तुझ्या भाचीनं माझ्या हातावर मारलं! मनगटावर, फाडकन. वर ओरडली, "हात काढा!" मला. मी या घराचा कर्ता, गावाच्या बैठकीत टेकून बसायला माझा मानाचा खांब ठरलेला, पाद्रीबाबासुद्धा मला अहोजाहो करतात. आणि माझ्या पोरीनं, तिच्या आईच्या डोळ्यांदेखत, माझ्यावर हात टाकला.

मनगट अजून लाल आहे. मी तिला काही बोललो नाही. बोललो असतो तर फार बोललो असतो. इस्पितळात पोचलो आणि परत आलो.

तू तिची आत्या, तू ठरव. तुझा शब्द ती मानील.

सोलोमोना


ऑकलंड
१२ सप्टेंबर

सोलोमोना,

हे पत्र संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच.

लेपेका, तुला लाज कशी वाटली नाही? मी तुला गाडी दिली ती बापाला मारायला नाही. तू हातात स्टिअरिंग आलं म्हणून मोठी झालीस का? ज्या हातांनी तीस वर्षं बस चालवून तुला खायला घातलं, त्या हातांवर तू हात टाकलास. मी इथल्या बायकांना तुझं कौतुक सांगत होते, आता त्यांच्यासमोर तोंड कुठं लपवू?

गुडघ्यावर बसून बापाची माफी माग. किल्ली बाबांच्या हातात दे. मी सांगेपर्यंत त्या गाडीला तू शिवायचं नाही.

आणि सोलोमोना, सूसानाला तू ने. गुडघ्याला तेल चोळ आणि चालव. एक फेरीसुद्धा चुकता कामा नये.

तेलेसिया


इस्पितळ, अपिया
१९ सप्टेंबर

तेलेसियाताई,

हा कागद नर्सकडून मागून घेतला आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा जावई उद्या तुमच्याकडे येतोय, तो पत्र टाकील. ह्यांना यातलं काही कळू देऊ नका. आधी हे वचन द्या आणि मग पुढं वाचा.

मी इथं परवापासून आहे. दोन फेऱ्या चुकल्या. छातीत पाणी भरलं, आडवं होता येईना, श्वास घेताना घरघर व्हायला लागली. आता बरी आहे. पाणी काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा असं करू नका, दर वेळी आम्ही वेळेवर पोचू असं नाही.

फेऱ्या का चुकल्या ते सांगते.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी ह्यांनी ते वाचलं. "ज्या हातांनी" इथपर्यंत आले आणि आवाज बसला. सगळ्यांना वाटलं, अपमानानं. लेपेका उठली, ह्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली, मान खाली घातली, माफी मागितली, किल्ली चटईवर ठेवली.

ताई, डुकरीण आडवी आली तेव्हा ह्यांचे हात स्टिअरिंगवर होते.

ह्यांनी ते जाणूनबुजून धरलं नाही. ह्यांच्याही आधी हात गेले. धरलं आणि उजवीकडे ओढलं. तीस वर्षं उजवीकडे गवत होतं, नारळ होते, बस घालायला मोकळी जागा होती. आता उजवीकडे अळकुड्या भरलेला ट्रक येत होता. मी मागून त्या ड्रायव्हरचं तोंड बघितलं, त्याचं तोंड उघडं होतं. लेपेकानं ह्यांच्या मनगटावर मारलं, हात सुटले, गाडी डावीकडे राहिली. तिनं मारलं नसतं तर तुमच्याकडे पत्र आलं नसतं, फोन आला असता.

मी तिला विचारलं, "तू का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "सगळ्यांसमोर? बाबांबद्दल? आई, तू सांगशील?" मी नाही सांगितलं. म्हणून मीही तेवढीच दोषी.

मग सोमवार आला. पाद्रीबाबा पलीकडच्या बेटावर, सवाईला गेलेले. हे म्हणाले, मी नेतो. मी पर्स मांडीवर घेऊन पुढं बसले. आमच्या फाटकापाशी, रस्ता सुरू होतो तिथं, गाडी थांबली. वळायचा दिवा टिकटिक करत होता. एक गाडी गेली, दुसरी गेली, मग रस्ता मोकळा झाला, तरी हे हलेनात. मी बाजूला बघितलं तर घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. थोड्या वेळानं गाडी मागे घेतली आणि म्हणाले, "इंजिनाचा आवाज बरोबर नाही." मी म्हटलं, "हो, मलाही वाटलं." मला इंजिनातलं काय कळतं! बुधवारी पुन्हा तेच झालं. मी शेजारणीला सांगितलं, गाडी बिघडली आहे.

किल्ली लेपेकाला द्या असं मी म्हणू शकले असते. पण तुमचा शब्द होता. तो फक्त तुम्हीच परत घेऊ शकता, आणि मला श्वास पुरत नाही हो ताई.

गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

तुमची
सूसाना


ऑकलंड
२१ सप्टेंबर

सोलोमोना,

सूसाना इस्पितळात आहे असं इथल्या एका बाईकडून कळलं. तू फोनवर "सगळं बरं" म्हणालास, त्याबद्दल मी तुझ्याशी समोरासमोर भांडणार आहे. आत्ता नाही.

मी लांबून न्याय केला. तुमच्यातलं मी काही बघितलं नव्हतं आणि बघितल्यासारखी बोलले. माझा शब्द मी परत घेते. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर हेही मोठ्यानं वाच: लेपेका, आत्या चुकली. मी तिथं असते तर तुझ्यासमोर बसून सांगितलं असतं. किल्ली तुझी आहे. आईला एकही फेरी चुकू देऊ नकोस. रात्री तुझी आठवण येते आणि मला झोप लागत नाही.

सोलोमोना, आता पुढचं तू एकट्यानं वाच.

मी इथं आले तेव्हा पहिली दोन वर्षं रस्ता ओलांडताना उलटीकडे बघायची. एकदा दुधाच्या गाडीखाली जाता जाता वाचले, ड्रायव्हरनं माझ्या सात पिढ्या काढल्या. डोक्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं की इथं गाड्या पलीकडून येतात. मानेला कळायला दोन वर्षं लागली. यात लाजण्यासारखं काय आहे? तुझ्या तर हातांना तीस वर्षांची सवय आहे.

तू पोरीच्या शेजारी बस. तिला परवाना पक्का मिळेपर्यंत बसावंच लागेल. पण बसशील तेव्हा हात मांडीखाली घालून बस. तळवे सीटवर, त्यावर तू. तुझ्यासारखा जाडजूड माणूस बसला की ते काही लवकर बाहेर यायचे नाहीत.

हा बहिणीचा शब्द.

तेलेसिया


घरून
२६ सप्टेंबर

तेलेसियाताई,

हातांचं तुला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. एक बाई मागच्या सीटवर बसून सगळं बघते आणि कुणाला काही सांगत नाही असं मला वाटायचं. देवानं तिला आणखी वर्षं द्यावीत.

तुझं पत्र वाचलं, तू सांगितलंस तेवढं मोठ्यानं. मग मी थांबलो. सगळे चटईवर बसले होते, शेजारचा म्हातारा धरून. मी म्हटलं, "अजून एक ओळ आहे, ती पत्रात नाही. त्या दिवशी स्टिअरिंगवर हात माझा होता. गाडी ट्रकवर मी घालत होतो. हिनं आम्हाला वाचवलं." म्हातारा म्हणाला, "मग त्या दिवशीच का नाही बोललास, गाढवा?" लेपेका रडायला लागली. मला वाटलं होतं ती खूश होईल. पोरींचं काही कळत नाही.

ताई, मला भीती वाटली. ते मी तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. ट्रकची नाही, ट्रक गेला. मला बस सोडून दुसरं काही येत नाही आणि आता तेही येत नाही, याची वाटली. ती झाकायला मी पोरीला बोल लावला आणि सूसानाच्या जिवावर बेतलं.

सूसानाला घरी आणलं. लेपेका चालवत होती, मी शेजारी, हात मांडीखाली. तुझा उपाय हाडं मोडणारा आहे. त्याच वळणावर कुणाचं तरी पोर चेंडूमागे रस्त्यात आलं. माझा डावा हात सुटला बघ! लेपेकानं माझ्याकडे बघितलंही नाही. "बाबा, हात," म्हणाली, ब्रेक दाबला, पोर चेंडू घेऊन पलीकडे पळालं, गाडी पुढं निघाली. हात पुन्हा खाली. मागून सूसाना म्हणाली, "ब्रेक!" सगळं झाल्यावर.

गावात आलो तर तिनं गाडी घराकडे वळवलीच नाही. चर्चसमोरच्या मैदानावर थांबवली, उतरली, माझ्या बाजूला आली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "आता तुम्ही." मी म्हटलं, "उद्या बघू, आईला थकवा आलाय." आईसाहेब मागून म्हणाल्या, "मला काहीही झालेलं नाही."

मैदानाभोवतीच्या रस्त्यानं फेरी मारायची ठरली. गावातली सगळी पोरं मागे पळत होती, "सोलोमोना शिकतोय! सोलोमोना शिकतोय!" मी इतका सावकाश चालवत होतो की ती पुढं निघून गेली. चर्चच्या कोपऱ्यावर गाडी माझ्या नकळत उजवीकडे सरकली. आणि समोरून पाद्रीबाबांची गाडी. तेही सावकाशच होते, पण येत होते. मी आधी बघितलं कुठं असेल तर लेपेकाच्या हातांकडे. म्हटलं, आता ही ओढणार.

तिचे हात तिच्या मांडीखाली होते, ताई. दोन्ही. ओठ घट्ट दाबलेले, मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. पण हात बाहेर आले नाहीत.

"डावीकडे, बाबा," एवढंच म्हणाली.

मी घेतली. पाद्रीबाबा पलीकडून हात हलवत गेले, त्यांना काही कळलंही नाही.

सोमवारी अपियाला जायचं आहे. नेणार लेपेकाच. परत आलो की लगेच फोन करीन. वाजला तर घाबरू नकोस, मीच असेन.

सोलोमोना